ब्रिटनमध्ये परदेशी माणूस कामावर ठेवताना

आपलं लंडनमध्ये हॉटेल असो की रेडिंगला छोटी सॉफ्टवेअर कंपनी, २२ जुलै २०२५पासून भारतातून माणूस बोलावणं अवघड झालं आहे. ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसासाठी काम आता साधारणपणे पदवीच्या पातळीचं लागतं. आचारी त्यात बसत नाही, आणि केअर वर्करची परदेशातून भरती तर बंदच झाली. आपल्याकडे स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी माणूस ठेवण्याचा गृहखात्याचा परवाना आहे, असं धरून पुढे जाऊ.

आधी आहेत त्या माणसांची यादी करा: कोणाचा व्हिसा कधी संपतो? २२ जुलैच्या आधीपासून याच व्हिसावर सलग असलेल्या आचाऱ्याला अजून मुदतवाढ मिळू शकते. मध्ये खंड पडू दिला, की ती सवलत गेली.

मग पगार. सर्वसाधारण मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड, किंवा त्या कामाचा सरकारने ठरवलेला दर; दोन्हींत जो जास्त तो द्यायचा. काहींना सूट आहे, पण ती गृहीत धरू नका. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. मालक ओव्हरटाइम, टिप्स, राहायची खोली असं सगळं धरून आकडा जुळवतात. मोजला जातो तो फक्त हमीचा मूळ पगार.

नव्या अर्जदाराला ८ जानेवारी २०२६पासून इंग्रजीची बी-टू पातळी लागते. परीक्षेसाठी वेळ हाताशी ठेवा.

स्किल्स चार्ज, म्हणजे परदेशी माणसामागे मालकाने भरायचं शुल्क, डिसेंबर २०२५मध्ये वाढलं. ते कामगाराच्या पगारातून हळूच वळतं करण्याचा मोह काहींना होतो. तसं करणाऱ्याचं लायसन्स जाऊ शकतं.

रुजू होण्याआधी प्रत्येकाचा कामाचा हक्क तपासा, ओळखीतला मुलगा असला तरी. त्याने मोबाइलवर दाखवलेला स्क्रीनशॉट चालत नाही. त्याच्याकडून शेअर कोड घ्या, जन्मतारखेसह सरकारी संकेतस्थळावर स्वतः टाका, फोटो ताडून पाहा आणि त्या पानाची प्रत जपून ठेवा. चुकलात आणि त्याला कामाचा हक्क नसला, तर पहिल्या खेपेस माणशी ४५,००० पौंडांपर्यंत दंड होतो.

कोणी रुजूच झाला नाही, पगार कमी केला किंवा कामाची जागा बदलली, तर कामाच्या १० दिवसांत लायसन्सच्या ऑनलाइन खात्यातून गृहखात्याला कळवायचं. हे खातं सांभाळणारा कारकून नोकरी सोडून जातो, पासवर्ड त्याच्याबरोबर जातो आणि कळवायचं राहून जातं. म्हणून दोघांना ते काम शिकवून ठेवा. लायसन्स रद्द झालं, तर त्यावर आलेल्यांना दुसरा मालक शोधायला सहसा ६० दिवसच मिळतात.