डिझाइन स्टुडिओतली उमेदवारी

सरबताच्या पाकिटाची पुढची बाजू स्टुडिओ स्पर्धेला पाठवतो. मागची बाजू नव्या इंटर्नच्या वाट्याला येते. तळहाताएवढ्या त्या जागेत घटकपदार्थ, पोषणमूल्यांचा तक्ता, निव्वळ प्रमाण, सर्व करांसहित कमाल किंमत, उत्पादकाचा पत्ता, तक्रारीचा फोन, अन्नसुरक्षेचं नियमन करणाऱ्या एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका एवढं सगळं बसवायचं असतं. अक्षर किमान किती उंच हवं तेही नियमात लिहिलेलं. (मांसाहारी पदार्थांवरचा तपकिरी ठिपका 2020च्या नियमावलीने जाऊन त्या जागी त्रिकोण आला, कारण रंगांधळ्यांना दोन ठिपक्यांतला फरक कळत नव्हता. चांगल्या डिझाइनचं याहून छोटं उदाहरण मला माहीत नाही.) पाकीट जिथे चिकटवलं जातं तिथे मजकूर नको. कापणीच्या रेषेबाहेर 3 मिलिमीटर रंग वाढवून ठेवायचा, नाहीतर कडेला पांढरी रेघ उमटते. चार वर्षं डिझाइन शिकलेल्या मुलाला यातलं बरंचसं स्टुडिओत आल्यावर पहिल्यांदा कळतं.

डिझाइन कन्सल्टन्सी हा तसा चमत्कारिक धंदा. स्वतःचा कारखाना नाही, स्वतःचा माल नाही. दुसऱ्याच्या मालाचा विचार करण्याचे तास विकायचे. 1929 साली सिग्मंड गेस्टेटनर यांनी आपल्या सायक्लोस्टाइल यंत्राचं रूप सुधारण्याचं काम रेमंड लोवी या चित्रकाराला दिलं. लोवींनी यंत्रावर माती थापून उघडे दांडे आणि चाकं एका सलग आवरणात झाकली. आपल्या शाळांच्या प्रश्नपत्रिका पुढे कैक वर्षं ज्या कंपनीच्या यंत्रांवर निघाल्या, तीच ही गेस्टेटनर. या पेशाच्या इतिहासात लोवींचं ते काम पहिल्या मोठ्या कामांपैकी एक मानलं जातं.

आपल्याकडे शाळा आधी आली आणि धंदा नंतर. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने 1958 मध्ये भारत सरकारला अहवाल दिला, त्यातून 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. 1969 मध्ये पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झालं. ते उभं करणारे सुधाकर नाडकर्णी मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि मग जर्मनीतल्या उल्मच्या प्रसिद्ध शाळेत शिकलेले. त्याच वर्षी जर्मनीत हार्टमुट एसलिंगर यांनी जो स्टुडिओ काढला तो पुढे 'फ्रॉग' या नावाने ॲपलच्या संगणकांना रूप देत होता. आमची मुलं मात्र पदवी घेऊन बाहेर पडली की प्रश्न उभा राहायचा, आता जायचं कुठे? परवाना राज्यात स्कूटरसाठी गिऱ्हाईक वर्षानुवर्षं रांगेत उभं होतं; ती दिसायला बरी असावी म्हणून कोण पैसे मोजणार?

काहींनी उत्तर स्वतःच काढलं. 1989 मध्ये, म्हणजे उदारीकरणाच्या दोन वर्षं आधी, अश्विनी देशपांडे, आशिष देशपांडे आणि त्यांच्या एनआयडीतल्या सहकाऱ्यांनी पुण्यात 'एलिफंट' ही कन्सल्टन्सी सुरू केली. कैरीचं पन्हं आणि जलजीरा विकणाऱ्या 'पेपर बोट'ची ती मऊ, बिनचकाकीची पाकिटं तुमच्या हातात आली असतील, तर एलिफंटचं काम तुम्ही पाहिलेलं आहे. त्याच सुमारास आणि नंतरही पुण्यात असे बरेच स्टुडिओ निघाले. मुंबईत जाहिरात होती, पैसा होता. तरी वस्तूंचं डिझाइन पुण्यात रुजलं. माझ्या मते त्याचं कारण पिंपरी-भोसरीत आहे. टेल्को, बजाज, किर्लोस्कर यांच्या आसऱ्याने तिथे साचे करणाऱ्या टूलरूम वाढल्या. सकाळी काढलेलं चित्र दुपारी साचेवाल्याला दाखवता येणं, ही सोय फार शहरांत नाही.

आणि उमेदवाराची खरी परीक्षा तिथेच होते. संगणकावर मिक्सरचं आवरण काचेसारखं चकचकीत दिसतं. टूलरूममधला फोरमन ते दोन मिनिटं फिरवून बघतो आणि विचारतो, "हे साच्यातून निघणार कसं?" उभ्या भिंतींना अंशभर तरी उतार लागतो; त्याला ड्राफ्ट म्हणतात. तो नसला तर भाग साच्यात अडकतो नाहीतर ओरखडून निघतो. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी हवी. आत बळकटीसाठी जाड फासळी दिली, तर थंड होताना तिथलं प्लास्टिक जास्त आकसतं आणि बाहेरच्या गुळगुळीत अंगावर खळगा पडतो. त्यावर उपाय काय, हे त्या फोरमनला तोंडपाठ असतं. त्याला "काका, मग कसं करू?" असं विचारणारा इंटर्न महिन्याभरात बरंच काही उचलतो. इंग्रजीच्या धास्तीने मागे राहणाऱ्या मराठी मुलामुलींनी हे ध्यानात घ्यावं. सादरीकरण इंग्रजीत होतं, हे खरं. पण चुलीपाशी बसलेल्या बाईला ती चूल रोज कशी वापरते हे विचारायचं असतं तेव्हा, भोसरीत साचा दुरुस्त करून घ्यायचा असतो तेव्हा, आणि पाकिटावरची देवनागरी वेलांटी कापली गेल्याचं कुणाच्या तरी नजरेला पडावं लागतं तेव्हा, स्टुडिओला तुमचीच गरज असते.

आत शिरण्याचं दार म्हणजे पोर्टफोलिओ. आयआयटी मुंबईच्या सीड आणि यूसीड परीक्षा कॉलेजात नेतात. स्टुडिओत त्या गुणांना फारसं कोणी विचारत नाही. बहुतेक पोर्टफोलिओ एकसारखे दिसतात, शेवटचं देखणं चित्र पानभर आणि विचार कोपऱ्यात. बघणाऱ्याला उलटं हवं असतं. कोणाशी बोललात, कोणती कल्पना का टाकून दिलीत, पुठ्ठ्याचं मॉडेल कुठे मोडलं. वीस कामांऐवजी चार कामं पुरतात. गटात केलेल्या कामात आपला वाटा किती हे स्वच्छ लिहावं. मुलाखतीत पहिला खोदून विचारलेला प्रश्न तिथलाच असतो.

पैशाबद्दल लोक गुळमुळीत बोलतात, म्हणून जरा सरळ बोलू. भारताचा अप्रेंटिस कायदा एनआयडीच्याच वयाचा, 1961चा. त्याखाली नोंदलेल्या उमेदवाराला विद्यावेतन द्यावंच लागतं. डिझाइनचा विद्यार्थी मात्र 'अभ्यासक्रमाचा भाग' म्हणून येतो आणि बहुधा या नोंदणीबाहेरच राहतो. मग 'शिकायला मिळतंय ना' हे वाक्य ऐकवलं जातं. महाराष्ट्र सरकारच्या 2024च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना 10 हजार आणि बारावी पास उमेदवाराला 6 हजार रुपये ठरले. सत्यजित राय 1943 साली कलकत्त्यात डी. जे. केमर या जाहिरात कंपनीत अगदी खालच्या पायरीवर लागले, तेव्हाही त्यांना महिना 80 रुपये मिळत होते. 2019 मध्ये लंडनच्या सर्पंटाइन गॅलरीच्या पॅव्हिलियनचं काम जुन्या इशिगामी या जपानी वास्तुरचनाकाराकडे होतं. त्यांच्या टोकियोतल्या कार्यालयात बिनपगारी इंटर्न घेतात हे बाहेर आलं, तेव्हा या प्रकल्पावर राबणाऱ्या प्रत्येकाला पैसे मिळालेच पाहिजेत, अशी अट गॅलरीने घातली. ज्याचे तास गिऱ्हाइकाच्या बिलात धरले जातात त्याला फुकट राबवणं हा सरळ अन्याय आहे. पुण्यात खोलीचं भाडं घरून आणू शकणाऱ्या मुलांनाच मग हे शिक्षण परवडतं.

दुसरी अडचण गुप्ततेच्या कराराची. सहा महिने ज्या वस्तूवर काम केलं ती बाजारात येईपर्यंत पोर्टफोलिओत दाखवता येत नाही, आणि कित्येक वस्तू बाजारात येतच नाहीत.

पुढे नोकरीचं काय? स्टुडिओ लहान असतात आणि जागा मोजक्या. शिवाय जगभर या धंद्याची घडी बदलते आहे, मोठ्या सल्लागार कंपन्या डिझाइन स्टुडिओ विकत घेत आहेत. ॲक्सेंचरने 2013 मध्ये फ्योर्ड घेतली, मॅकिन्झीने 2015 मध्ये लूनार घेतली, फ्रॉग आज कॅपजेमिनीकडे आहे. अमेरिकेतल्या ज्या आयडिओ कन्सल्टन्सीचं नाव प्रत्येक डिझाइन कॉलेजात घेतलं जातं, तिने 2023 मध्ये जवळपास एक तृतीयांश माणसं कमी केली. बँका, वाहन कंपन्या आणि मोबाइल ॲपवाले आता आपलेच डिझायनर पदरी बाळगतात, आणि नोकरीच्या जाहिरातींतल्या बऱ्याच जागा पडद्यावरच्या डिझाइनच्या असतात. तरीही पहिली दोन वर्षं कन्सल्टन्सीत काढावीत, असं मी म्हणेन. कंपनीत एकच वस्तू वर्षानुवर्षं समोर असते. इथे एका वर्षात कूलर, मसाल्याचं पाकीट आणि दवाखान्याचे दिशाफलक हाताखालून जातात. चुकाही तितक्याच निरनिराळ्या होतात, आणि त्या निस्तरायला वर कोणीतरी असतं.

तेव्हा यंदा कुठे अर्ज करणार असाल तर होकार देण्याआधी ईमेलने लेखी विचारून घ्या: विद्यावेतन किती आणि कोणत्या तारखेला, माझं काम रोज कोण बघणार, आणि यातलं काय, कधीपासून पोर्टफोलिओत दाखवता येईल. यांची उत्तरं द्यायला जो स्टुडिओ टाळाटाळ करतो, तिथे जाऊ नका.