गाव सोडले, हक्क सोडलेला नाही

शहरात वाढलेल्या आपल्या पिढीला गावाची ओढ नाही, असे अनेकजण म्हणतात. ओढ कोठून असणार? ज्या गावाने आम्हाला वेशीबाहेर ठेवले, मेलेली गुरे ओढायला लावली, रात्री-अपरात्री चावडीवर हाक मारली, त्या गावाच्या गोष्टी आमच्या घरात कौतुकाने कधी सांगितल्याच गेल्या नाहीत. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याला अज्ञानाचे आणि संकुचितपणाचे आगर म्हटले, ते उगाच नव्हे. माझे आजोबा जुन्नर तालुक्यातील खोडद सोडून मुंबईच्या गिरणीत आले, त्यानंतर आमच्या घरातले कोणी तिकडे फिरकले नाही. पंचेचाळिशीत मी प्रथमच खोडदला गेलो. तेथे जे पाहिले ते समाजबांधवांपुढे मांडणे आवश्यक वाटते.

नारायणगावहून खोडदच्या रस्त्याला लागले की शेतांच्या वर प्रचंड तबकड्या दिसू लागतात. ही जीएमआरटी, म्हणजे रेडिओ दुर्बीण. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी येथे टिपल्या जातात. जगभरच्या शास्त्रज्ञांना खोडद माहीत आहे, खोडदच्या नातवाला मात्र ते माहीत नव्हते!

आमच्या वस्तीत एका वृद्ध आजीने विचारले, "कुणाचा रं तू?" आजोबांचे नाव सांगताच ती म्हणाली, "मंग तुमचं रान हाय की वढ्याच्या कडंला. दुसराच कसतोय ते." चहा नंतर आला, आधी तिने जमीन सांगितली. सातबारा काढला, तर त्यावर पणजोबांचे नाव अजून कायम! मधल्या दोन पिढ्यांची वारसनोंद नाही. शेरा एकच : नवीन शर्त, महार वतन.

या दोन शब्दांमागे मोठा इतिहास आहे. वतनाची जमीन ही कोणाची मेहरबानी नव्हती. साऱ्या कुटुंबाने सरकारची आणि गावाची अहोरात्र वेठ करायची, त्याचा तो तुटपुंजा मोबदला होता. १८७४ च्या वतन कायद्याने ही गुलामी पक्की केली होती. तिच्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात दुरुस्ती विधेयक मांडले. प्रत्यक्षात वतने संपली ती १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतन निर्मूलन कायद्याने. तो १ फेब्रुवारी १९५९ पासून अमलात आला. जमीन आधी सरकारजमा झाली. सेवेपोटी दिलेल्या जमिनीच्या पूर्ण आकाराच्या तिप्पट रक्कम मुदतीत भरली, तर ती वतनदाराला पुन्हा मिळायची. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकायची नाही, ही तिची अट. कायदा चांगला होता. पण गिरणीच्या पाळीत अडकलेल्या माणसाला तालुक्याच्या मुदती कोण कळवणार होते?

या जमिनींकडे आपले लक्ष नसले तरी इतरांचे आहे. २०२५ मध्ये पुण्याजवळच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला, तेव्हा या जमिनींचे मोल सर्वांना कळले. आपल्याला ते कधी कळणार?

परतताना लेण्याद्रीला गेलो. आज तेथील एका बौद्ध विहारात गिरिजात्मज गणपती बसला आहे आणि गर्दी त्याच्यासाठी होते. पण जुन्नरभोवतीचे डोंगर म्हणजे तथागतांच्या भिक्खू संघाची वसतिस्थाने. येथील शिलालेखांत दाते आहेत ते यवन, शक, धान्याचे व्यापारी. वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे संघासाठी ठेवी ठेवल्याच्या नोंदीही आहेत. एका शक उपासकाने करंजाच्या झाडांसाठी २० निवर्तने आणि वडाच्या झाडांसाठी ९ निवर्तने जमीन दिल्याचे कोरून ठेवले आहे. कोणाची जमीन, किती आणि कशासाठी, हे आपल्या धम्मबांधवांनी दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर लिहून ठेवले. आपण मात्र तलाठ्याच्या कागदावर वारसाचे नाव लावून घेत नाही.

म्हणून एक वकील या नात्याने सांगतो. बांधवांनो, गावी जा. सातबारा आणि जुने फेरफार काढा. तालुक्याच्या अभिलेख कक्षातून वतनाच्या नोंदींच्या नकला मागा. मिळाल्या नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. वारसनोंदीचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. बहिणींची नावे वगळू नका. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. कोणी साध्या स्टँप पेपरवर सही मागितली तर देऊ नका. परवानगीविना विकलेली जमीन शर्तभंगाच्या नावाखाली सरकारजमा होऊ शकते. मग विकणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही.

आपल्या पूर्वजांनी गाव सोडले ते गुलामी झुगारण्यासाठी. त्या गुलामीच्या बदल्यात त्यांनी घाम गाळून राखलेली जमीन दुसऱ्याच्या घशात घालण्यासाठी नव्हे. पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन गावी जा. त्यांना लेणी दाखवा, दुर्बीण दाखवा आणि आपल्या शेताचा बांधही दाखवा.

जयभीम!