एकट्याची नाइट शिफ्ट: फोन आलाच नाही तर?

आजचा एपिसोड कोणी एकटंच ड्यूटीवर बसून ऐकत असेल, तर आधी मला एक सांगा. आत्ता तुम्ही तिथे पडलात, तर ते कोणाला कळेल? आणि किती वेळाने?

हा प्रश्न मला मामामुळे पडला. आमच्या लोधिवलीच्या आसपास, जुन्या मुंबई-पुणे हायवेला आणि पाताळगंगेच्या बाजूला, कंपन्या, गोदामं, फार्महाऊस भरपूर. रात्री बऱ्याच ठिकाणी एकच वॉचमन. मामा असाच एका गोदामावर होता. पावसाळ्यात साडेअकराच्या राउंडला ओल्या लादीवर घसरला, खुब्याचं हाड मोडलं. मोबाइल केबिनमध्ये चार्जिंगला. सकाळी सात वाजता बदलीवाला आला तेव्हा कळलं. साडेसात तास माणूस तसाच पडून!

मालक काही वाईट नव्हता हो. "काही झालं तर लगेच फोन कर," असं त्याने सांगून ठेवलं होतं. गडबड तिथेच आहे. ज्याला काही झालंय, त्यानेच फोन कसा करायचा?

याचं उत्तर आपल्या शेजारीच, कर्जतच्या पुढच्या घाटात आहे. पावसाळ्यात पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल या पट्ट्यात दरडीची भीती असते, म्हणून रेल्वेचे पेट्रोलमन रात्री रुळांवरून चालत गस्त घालतात. रेल्वेचा नियम असा, की पेट्रोलमन ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत स्टेशनवर पोचला नाही, तर स्टेशन मास्तरने त्याच्या फोनची वाट बघत बसायचं नाही. पुढे काहीतरी बिघडलंय असंच धरायचं आणि गाड्या हळू चालवण्याची सूचना द्यायची. नियम खरा प्रवाशांसाठी आहे, पण गंमत बघा, निरोप न येणं हाच इथे निरोप धरलाय. पडलेल्या माणसाला काहीच करावं लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन आहे की! आहे, आठ तास चालतं. पण ठिपका एका जागी थांबलाय म्हणजे माणूस खुर्चीत चहा पितोय की जिन्याखाली पडलाय, हे ठिपका सांगत नाही. ११२ नंबर हवाच, फोनमधलं एसओएस बटणही चालू करून ठेवा. पण त्याला शुद्ध हवी, हात हवा, रेंज हवी. त्यापेक्षा आयफोनमधलं 'चेक इन' बरं. ठरल्या वेळेत तुम्ही पोचला नाहीत आणि विचारल्यावर उत्तरही दिलं नाहीत, तर ते आपणहून तुमच्या माणसाला कळवतं. आयफोन नसेल तर साधा मिस्ड कॉलही चालतो, फक्त समोरचा जागा पाहिजे. घरी झोपलेल्या बायकोला मेसेज टाकून ठेवणं म्हणजे चेक इन नव्हे.

आणि निघायचं कोणी, गेटची चावी कोणाकडे, हे आधीच ठरवा. नाहीतर रात्री दोनला नुसती फोनाफोनी होते.

टाकी, गटार, चेंबर असेल तर मात्र मिस्ड कॉलवर भागत नाही. तिथे एकट्याने उतरायचंच नाही. विषारी वायूच्या जागेत पट्टा आणि दोर बांधून उतरणाऱ्याच्या दोराचं दुसरं टोक बाहेर उभ्या माणसाच्या हातात हवं, हे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ मध्येच लिहिलेलं होतं. आतला बेशुद्ध पडला म्हणून बाहेरच्याने तसंच उडी मारून आत जायचं नाही. अशाने दोघंही जातात.

मामा आता दुसऱ्या गेटवर आहे, खुर्चीवरची ड्यूटी. दर तासाला शेजारच्या गेटवाल्याला मिस्ड कॉल देतो. दहा मिनिटं उशीर झाला की तो फोन लावतो, उचलला नाही तर सुपरवायझरला कळवतो. पहिल्या आठवड्यात मामा तीनदा विसरला आणि सुपरवायझर तीनदा भर पावसात बाइक काढून आला. तिसऱ्यांदा शिव्या घालत आला. तेव्हापासून मामाने मोबाइलवर दर तासाचा अलार्म लावलाय.