अभ्यासक्रम ‘पूर्ण’ होतो तेव्हा

ऑनलाइन शिक्षण हे दूरशिक्षणाचेच आजचे रूप आहे. शिकवणारा एका गावी, शिकणारा दुसऱ्या गावी आणि पुष्कळदा दोघांच्या वेळाही वेगळ्या, ही अडचण इंटरनेटच्या कितीतरी आधीची. ब्रिटनमध्ये ओपन युनिव्हर्सिटी १९६९ साली स्थापन झाली आणि १९७१ पासून तिथे विद्यार्थी शिकू लागले. बीबीसीवरच्या कार्यक्रमांमुळे तिचे नाव सर्वदूर झाले. पण विद्यार्थ्यांना धरून ठेवणारे काम टपालातून चालत असे. विद्यार्थ्याने स्वाध्याय लिहून पाठवायचा आणि नेमून दिलेल्या शिक्षकाने तो वाचून, कुठे चुकले आणि का चुकले ते समासात लिहून परत करायचा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून स्वयं-अध्ययनाची पुस्तके, गावोगावची अभ्यासकेंद्रे आणि तिथले संमंत्रक यांच्या आधारावर हेच साधले. मायकेल मूर या अभ्यासकाने १९७० च्या दशकात या अनुभवाला सिद्धान्ताचे रूप दिले. त्याचे म्हणणे असे, की दूरशिक्षणात मैलांनी मोजायचे अंतर दुय्यम असते. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात संवाद किती होतो, त्यावर खरे अंतर ठरते. तीनशे जणांच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेला विद्यार्थीही त्या अर्थाने फार दूर असू शकतो.

इंटरनेट आल्यावर हा धडा काही काळ मागे पडला. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी २००८ मध्ये एक अभ्यासक्रम सर्वांना खुला केला, तेव्हा शुल्क भरलेले विद्यार्थी २५ च्या आसपास होते आणि फुकट सामील झालेले दोन हजारांहून अधिक. त्याच निमित्ताने ‘मूक’ (मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स) हे नाव रूढ झाले. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमाला सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावे नोंदवली. पुढच्याच वर्षी यूडॅसिटी, कोर्सेरा आणि हार्वर्ड-एमआयटी यांचे एडएक्स अशी तीन व्यासपीठे उभी राहिली. उत्तम प्राध्यापकाचे व्याख्यान एकदा चित्रित केले की ते जगातल्या कोणत्याही खेड्यापर्यंत पोचेल, ही कल्पना मोहक होती आणि तिच्यामागचा हेतूही चांगला होता.

आकडे मात्र वेगळे निघाले. जस्टिन राइक आणि होसे रुईपेरेझ-वालिएन्ते यांनी एडएक्सवरील हार्वर्ड आणि एमआयटीच्या अभ्यासक्रमांची २०१२ ते २०१८ या काळातली नोंद तपासली आणि निष्कर्ष २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. ही सव्वा कोटीहून अधिक नोंदण्यांची माहिती होती. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक लोक अभ्यासक्रमाच्या आत एकदाही शिरले नव्हते. २०१७-१८ मध्ये शेवटपर्यंत पोचणारे सुमारे ३ टक्के होते आणि सहा वर्षांत हे प्रमाण सुधारले नव्हते. यावरून ऑनलाइन शिक्षण फसले असे म्हणणे घाईचे ठरेल. पुष्कळांना फक्त डोकावून पाहायचे असते, कुणाला एखादाच धडा हवा असतो. प्रमाणपत्रासाठी शुल्क भरणाऱ्यांमध्ये त्याच वर्षी सुमारे ४६ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. ठरवून आलेला, पैसे आणि वेळ घालू शकणारा माणूस टिकतो, असा याचा सरळ अर्थ.

मग जो तसा नसतो, त्याचे काय? हा प्रश्न या साऱ्या संशोधनातला सर्वांत महत्त्वाचा आहे. कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट विद्यापीठाने २०१३ मध्ये यूडॅसिटीच्या साहाय्याने गणित आणि संख्याशास्त्राचे प्राथमिक अभ्यासक्रम ऑनलाइन सुरू केले. उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण इतके कमी निघाले की काही महिन्यांतच प्रयोग थांबवावा लागला. डी शू आणि शॅना जॅगर्स यांनी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या सामुदायिक महाविद्यालयांतील सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांचे निकाल अभ्यासले. एकंदरीत सगळ्यांचीच कामगिरी वर्गापेक्षा ऑनलाइन अभ्यासक्रमात थोडी घसरली होती. पण आधीपासून कमी गुण असणाऱ्यांची, वयाने लहान असलेल्यांची आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची घसरण अधिक होती. ज्याला शिक्षणाची दारे बंद होती त्याच्यासाठी हे माध्यम आले असे सांगितले जाते आणि आधाराविना सोडले तर नेमका तोच मागे पडतो.

दोष माध्यमाचा आहे का, यावर शिक्षणशास्त्रात जुना वाद आहे. रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये लिहिले, की माध्यम हे धान्य वाहून आणणाऱ्या ट्रकसारखे असते. ट्रक बदलल्याने धान्याचे पोषणमूल्य बदलत नाही. कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणाबाबत ट्रेसी सिट्झमन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ९६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यातून क्लार्क यांच्या म्हणण्याला दुजोरा मिळाला. माहिती शिकण्याच्या बाबतीत वेबवरचे प्रशिक्षण किंचित सरस दिसले. पण शिकवण्याची पद्धत दोन्हीकडे सारखी ठेवली की फरक उरत नव्हता. अमेरिकी शिक्षण खात्याने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात ऑनलाइन आणि प्रत्यक्ष वर्ग यांचे मिश्रण केवळ वर्गापेक्षा सरस ठरले. मात्र अशा मिश्र अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यांना वेळ आणि साहित्यही पुष्कळदा जास्त मिळाले होते, हेही त्या अहवालाने नोंदवले. पद्धत, वेळ आणि सोबत यांचे श्रेय यंत्राला देऊ नये, इतके यातून निश्चित कळते.

पद्धत म्हणजे नेमके काय, हे स्मरणशक्तीवरच्या प्रयोगांतून चांगले उमगते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा दुसऱ्यांदा वाचला. काहींनी पुस्तक मिटून, आठवेल तेवढे कागदावर लिहिले. पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटले. पुन्हा वाचलेल्यांना सुमारे ४२ टक्के मजकूर आठवत होता, तर आठवून लिहिलेल्यांना ५६ टक्के. वाचताना किंवा पाहताना ‘कळले’ असे वाटते ते ओळखीमुळे. आठवण्याचे कष्ट घेतल्यावर ते टिकते. ऑनलाइन शिक्षणातला धोका इथेच आहे, कारण व्हिडिओ पाहणे अतिशय सोपे असते. केनेथ कोडिंगर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मानसशास्त्राच्या एका खुल्या अभ्यासक्रमाची नोंद तपासली, तेव्हा निकालाशी स्वाध्याय सोडवण्याचा संबंध व्हिडिओ पाहण्याच्या किंवा वाचण्याच्या मानाने सहापट अधिक निघाला. तरी आजही पुष्कळदा अभ्यासक्रमाचे अंदाजपत्रक चित्रीकरणावर जाते आणि स्वाध्याय शेवटच्या आठवड्यात घाईने लिहिले जातात.

पवईच्या आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानाचा अभ्यास करणाऱ्या सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी याच दिशेने एक आराखडा घडवला. त्यात व्हिडिओच्या मध्येच ठरवून थांबा असतो. शिक्षक एक प्रश्न विचारतो, व्हिडिओ थांबवून उत्तर वहीत लिहायला सांगतो आणि पुढच्या भागात संभाव्य उत्तरांवर, त्यांतल्या चुकांवरही, बोलतो. लगेच त्याच मुद्द्यावर सराव येतो आणि चुकीच्या पर्यायाला ‘चूक’ एवढेच न म्हणता ती का झाली असावी हे सांगितले जाते. चर्चेचा विषयही मोकळा सोडलेला नसतो. आधी काहीतरी वाचून किंवा करून मगच चर्चेत यायचे असते. हा आराखडा वापरायला महागडा स्टुडिओ लागत नाही. विद्यार्थी कुठे अडखळतो हे माहीत असलेला शिक्षक मात्र लागतो.

कामाच्या ठिकाणी अडचण उलट्या बाजूने येते. तिथे जवळजवळ सगळेच अभ्यासक्रम पूर्ण करतात, कारण ते सक्तीचे असतात. अग्निसुरक्षा, माहितीची सुरक्षा, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार करायची जागृती, हे सारे अनेक कंपन्यांत संगणकावर उरकले जाते. निवेदन संपेपर्यंत ‘नेक्स्ट’चे बटण दाबता येत नाही, म्हणून कर्मचारी आवाज बंद करून दुसऱ्या खिडकीत ईमेल लिहितो. शेवटी दहा प्रश्न येतात. पहिल्या खेपेला जमले नाही तर दुसऱ्या खेपेला जमतात, कारण प्रश्न तेच असतात. या प्रशिक्षणामागचे तांत्रिक मानक, अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने आलेले ‘स्कॉर्म’, २००१ च्या आवृत्तीत धड्याची स्थिती सहाच शब्दांत नोंदवते: उत्तीर्ण, पूर्ण, अनुत्तीर्ण, अपूर्ण, चाळलेला, न उघडलेला. नोंदीत ‘पूर्ण’ आले की मनुष्यबळ विभागाचे काम संपते. छळाची तक्रार घेऊन सहकारी समोर आली तर काय करायचे, हे त्या कर्मचाऱ्याला कळले की नाही, ते या नोंदीत कुठेच दिसत नाही.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या १९५९ पासूनच मांडल्या होत्या: ते आवडले का, शिकले का, वागण्यात उतरले का आणि कामात फरक पडला का. बहुतेक ठिकाणी मोजणी पहिल्या दोनांवरच अडते. टिमोथी बाल्डविन आणि केविन फोर्ड यांनी १९८८ मध्ये दाखवले, की शिकलेले कामात उतरण्यासाठी अभ्यासक्रमाची रचना जितकी महत्त्वाची, तितकेच कामावरचे वातावरणही. वरिष्ठ त्याबद्दल विचारतो का, नवे कौशल्य वापरायची संधी मिळते का, चुकले तर सांभाळून घेतले जाते का, यावर बरेच ठरते. नव्या परिचारिकेला यंत्राची माहिती संगणकावर देता येते. पण पहिल्या आठवड्यात ते यंत्र चालवताना शेजारी अनुभवी सिस्टर उभी असेल, तरच ती माहिती हातात उतरते.

माध्यमापेक्षा पद्धत महत्त्वाची, हे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या मदतनिसांनाही लागू पडते. तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात साधा चॅटबॉट वापरणाऱ्यांनी सराव ४८ टक्के चांगला केला. मदत काढून घेतल्यावरच्या परीक्षेत मात्र ते चॅटबॉट कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्के मागे राहिले. उत्तर न देता फक्त इशारे देणारा, शिक्षकांनी आखून दिलेला मदतनीस ज्यांना मिळाला, त्यांचे हे नुकसान जवळजवळ टळले.

ऑनलाइन शिकणाऱ्याला आधार कोण देणार, हा प्रश्न भारतात आता पदवीच्या गुणपत्रिकेपर्यंत आला आहे. ‘स्वयम्’ हे राष्ट्रीय व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले आणि २०२१ पासून एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक तिथल्या अभ्यासक्रमांतून घेण्याची मुभा विद्यापीठांना आहे. त्याच व्यासपीठावर आयआयटींनी चालवलेल्या एनपीटेलच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याला स्वाध्याय असतो, त्यांतल्या सर्वोत्तम आठांचे २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५ टक्के गुण धरले जातात. ही शिस्त चांगली आहे; तिच्या जोडीला माणूस हवा. एनपीटेलच्या स्थानिक शाखा असलेल्या महाविद्यालयांत यासाठी समन्वयक प्राध्यापक नेमलेले असतात. जिथे हे प्राध्यापक आठवड्याचा एक तास वेळापत्रकात धरून मुलांना एकत्र बसवतात, अडलेली गणिते फळ्यावर सोडवून घेतात आणि दोन स्वाध्याय चुकवलेल्या मुलाला बोलावून विचारपूस करतात, तिथे वर सांगितलेले बरेचसे संशोधन प्रत्यक्षात येते. तो तास प्राध्यापकाच्या कामाच्या हिशोबात धरला जावा आणि त्याचे मानधन मिळावे, हे महाविद्यालये आणि विद्यापीठांनी ठरवायचे आहे.