विमान उतरण्याआधी बाळाला उठवा

दिवाळीचा फराळ संपत आला की आपल्या मंडळात एकच विषय असतो: डिसेंबरची तिकिटं. त्यात घरात दोन वर्षांच्या आतलं मूल असेल, तर तिकिटाच्या किमतीपेक्षा मोठी धास्ती असते ती पंधरा तासांच्या प्रवासाची. ही धास्ती मी दोनदा घेतली आहे. पहिल्यांदा लेक चौदा महिन्यांची होती. बाबांचं ऑपरेशन ठरलं होतं, नवऱ्याला रजा नव्हती, म्हणून नेवार्कहून मुंबईला आम्ही दोघीच निघालो.

त्या वेळी माझी अर्धी बॅग खेळण्यांनी भरली होती. ती सगळी पहिल्या दीड तासात निकालात निघाली. नंतर कामाला आला तो एक रिकामा स्टीलचा डबा, त्याचं झाकण आणि मूठभर कुरमुरे. एकेक कुरमुरा डब्यात टाकायचा, काढायचा, खायचा. शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न मात्र नकोच. ठसका लागला तर तिथे धावपळ कोण करणार?

पण खरी परीक्षा शेवटच्या अर्ध्या तासात झाली. लेक गाढ झोपली होती आणि मी मनात देवाचे आभार मानत होते. विमान खाली यायला लागलं आणि ती किंचाळतच उठली. कान ओढत होती, अंग टाकत होती. दूध तोंडाशी नेलं तर बाटली ढकलून दिली. मागच्या रांगेतून कोणीतरी मोठ्याने सुस्कारा टाकला. विमान टेकलं तेव्हा आम्ही दोघीही रडत होतो.

तिच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं. उडत्या विमानात आतल्या हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका असतो, म्हणजे महाबळेश्वराहूनही बऱ्याच उंचावरचा. उतरताना तो पुन्हा वाढतो. कान आणि घसा यांना जोडणारी बारीक नळी उघडली तरच कानाच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो, आणि ती उघडते गिळताना किंवा जांभई देताना. लहान मुलांची नळी अरुंद असते. त्यात झोपेत आपण फार कमी गिळतो. म्हणजे ज्या झोपेसाठी मी देवाचे आभार मानत होते, तिनेच घात केला होता! चढताना त्रास कमी होतो, उतरताना जास्त. सर्दी असेल तर तो आणखी वाढतो, म्हणून निघण्याआधी डॉक्टरांना कान दाखवून घ्यावेत.

झोपेचाच विषय निघाला म्हणून सांगते. दुसऱ्या वेळी निघताना आई फोनवर म्हणाली, "अगं, थोडं सर्दीचं औषध दे, झोपेल गुपचूप." अनेक घरांत हा सल्ला प्रेमानेच दिला जातो. पण मुलाला झोपवण्यासाठी असं औषध देऊ नये, असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात. काही मुलं त्याने झोपण्याऐवजी उलट जास्त चेकाळतात. आईला समजावायला दोन फोन लागले.

त्यापेक्षा आम्ही घरची रात्रच विमानात नेली. रात्रीचं विमान, चढल्यावर तासाभरात पायजमा, तीच जुनी गोधडी, तेच पुस्तक. जेवायला घरचा मऊ गुरगुट्या भात. लहान मुलांचं दूध आणि खाणं १०० मिलिलिटरपेक्षा जास्त असलं तरी अमेरिकेतल्या सुरक्षा तपासणीत नेता येतं. फक्त ते आधी सांगून वेगळं काढून ठेवायचं. विमानातली हवा फार कोरडी असते, त्यामुळे दर थोड्या वेळाने पाण्याचा घोट द्यायचा. कपडे तिचे दोन जोड आणि माझाही एक. उलटी कोणाच्या अंगावर होते, हे पहिल्या खेपेला कळलं होतं.

पाळणा हवा असेल तर तिकीट काढतानाच विचारा. त्याची वजनाची मर्यादा एअरलाइननुसार बदलते आणि दीड वर्षाचं गुटगुटीत मूल बहुधा त्यात मावत नाही. आणि मुक्कामात दुसरा वाढदिवस येत असेल, तर परतीला मांडीवर बसवून चालत नाही, वेगळी सीट घ्यावी लागते.

दुसऱ्या वेळीही शेवटी लेक गाढ झोपलीच होती. विमान उतरायला लागणार अशी घोषणा झाली, तशी मी तिला हलवायला लागले. शेजारच्या आजी म्हणाल्या, "अगं, इतकी छान झोपलीय, कशाला उठवतेस?" मी कारण सांगितलं. मग त्यांनीच पर्समधून चमचा काढून तिच्यापुढे वाजवला. ती कुरकुरली, डोळे चोळले आणि स्ट्रॉच्या कपातलं दूध प्यायला लागली. कप मुद्दाम लहान होता. तो संपला की थोडं पाणी, मग पुन्हा दूध. मुंबईचे दिवे दिसायला लागले तेव्हा ती आजींच्या हातातल्या बांगड्या गोल गोल फिरवत बसली होती.