वाकोल्याच्या गॅरेजांतली राखाडी धूळ

जुन्या जावा मोटारसायकलचं मागचं चाक उतरवून ब्रेकची प्लेट बाहेर ओढली की दोन अर्धगोल ब्रेक-शू दिसतात, त्यांवर बसवलेले लायनर दिसतात आणि ड्रमच्या तळाशी पिठासारखी मऊ, राखाडी धूळ दिसते. आधीच्या पिढीतला मिस्त्री ही धूळ दोनच प्रकारे साफ करी. एक तर तोंडाने फुंकर मारी, नाहीतर कॉम्प्रेसरची नळी लावी. फुंकर मारली की धूळ त्याच्याच नाकातोंडात जाई. हवेचा झोत मारला तर ती गाळाभर उडे आणि कोपऱ्यात पार्ट धूत बसलेल्या पोऱ्यालाही तिचा वाटा मिळे. त्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे.

मुंबईतला वाकोला, कलिना, कुर्ला हा सगळा पट्टाच दुरुस्तीचा. सीएसटी रोडवर जुन्या गाड्या फोडून सुटे भाग विकणारी दुकानं आहेत आणि वाकोल्याच्या गल्ल्यांतून एका शटरच्या गाळ्यातली गॅरेजं. काम निम्मं आत, निम्मं फुटपाथवर. आज हौशी लोक ज्यांना ‘व्हिंटेज’ म्हणतात त्या गाड्या अशाच गॅरेजांनी चालत्या ठेवल्या. १९५५पासून मद्रासला जुळणी होऊ लागलेली बुलेट, साठच्या दशकात म्हैसूरहून येऊ लागलेली जावा आणि पुढे तिची येझदी, एस्कॉर्ट्‌सची राजदूत, आपल्या भांडुपची लॅम्ब्रेटा. आयातीवर निर्बंध होते आणि नव्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. त्यामुळे गाडी टाकून देणं कुणाला परवडत नसे. तेच इंजिन पुन्हा पुन्हा उतरायचं, सिलिंडरला बोअर मारायचा, त्याच शूंना नवे लायनर लागायचे. गाडीचं आयुष्य वाढलं ते मिस्त्रीच्या हातून, आणि त्या प्रत्येक खोलाखोलीत विषाशी त्याचा संबंध आला. ही बाजू आपल्याकडे फारशी कुणी लिहून ठेवलेली नाही.

ॲस्बेस्टॉस वापरण्याचं कारण साधं होतं. ते जळत नाही, झिजतं सावकाश आणि स्वस्त पडतं. म्हणून ब्रेक लायनर, क्लच प्लेट, हेडचं पॅकिंग, सायलेन्सरची दोरी अशा सगळ्या ठिकाणी ते असे. घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोच्या कारखान्यात ब्रेकचे लायनर तयार होत, म्हणजे माल अगदी जवळचा. ब्रेक लागताना होणाऱ्या उष्णतेत त्यातलं बरंचसं ॲस्बेस्टॉस रूप बदलतं हे खरं, पण सगळं नाही. आणि त्याहून वाईट काम धूळ झाडण्याचं नव्हतंच. नवा लायनर ड्रममध्ये नीट बसावा म्हणून मिस्त्री त्याच्या कडा कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासत असे. तो लायनर अजून तापलेला नसतो, त्यातले तंतू जसेच्या तसे असतात आणि घासताना चेहरा वीतभर अंतरावर असतो.

हे तंतू फुप्फुसात रुततात आणि बाहेर पडत नाहीत. ॲस्बेस्टॉसिस किंवा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग दिसायला वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षं जातात. तोवर गॅरेज बंद झालेलं असतं, मिस्त्री गावी गेलेला असतो आणि खोकल्याचं खापर बिडीवर किंवा टीबीवर फुटतं. मुंबईतल्याच एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या १८१ कामगारांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी २२ टक्क्यांना ॲस्बेस्टॉसिस होता. त्याआधी, २७ जानेवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाच्या सुरुवातीपासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षं, यांतला जो काळ जास्त असेल तितका, जपून ठेवायला सांगितलं.

निकाल मोठाच होता. पण नोंदी ठेवणार कोण? तेव्हा कारखाना कायदा विजेवर चालणाऱ्या जागेला दहा कामगारांपासून पुढे लागू होई. वाकोल्याच्या गॅरेजात एक मिस्त्री, एक हाताखालचा माणूस आणि एक पोऱ्या. ज्या लायनरने कारखान्यातला कामगार आजारी पडला तोच लायनर गॅरेजातल्या माणसाने घासला, मात्र एकाची तपासणी झाली आणि दुसरा मोजलाही गेला नाही. मला या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

पेट्रोलचीही तीच कथा. टाकीतून पेट्रोल काढायचं तर नळी तोंडाने ओढायची, आणि त्याच पेट्रोलने पार्ट धुवायचे, हातावरचं ग्रीसही काढायचं. इंजिन खटखटू नये म्हणून त्या पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड मिसळलेलं असे. हे शिसं कातडीतूनही शरीरात शिरतं आणि मेंदूवर जातं. १९२४च्या ऑक्टोबरात अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेवे इथे ते बनवताना पाच कामगार दगावले, मरण्यापूर्वी काहींना भ्रम झाले. म्हणजे धोका पहिल्यापासून ठाऊक होता. तरी आपल्याकडे सर्व पंपांवर शिसेविरहित पेट्रोल यायला १ फेब्रुवारी २००० उजाडावा लागला.

बाकीचे धोके झटकन दिसणारे होते. पेट्रोलची टाकी रिकामी वाटते, पण आत वाफ असते. गॅस वेल्डिंगची ज्योत लागताच ती फुटते. जाणते मिस्त्री म्हणूनच टाकी आधी पाण्याने भरून घेत. बुलेटची ॲमीटरची सुई मध्यावर न आणता, डिकॉम्प्रेशनचा लिव्हर न ओढता किक मारली तर ती उलटून घोट्यावर येई. पोऱ्याला हे पहिल्या आठवड्यात शिकवलं जाई. धुळीबद्दल त्याला कुणी काही सांगत नसे, कारण धुळीने कुणी जागच्या जागी पडत नव्हतं.

आता याच गाड्यांना भाव आला आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी दिली, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. मालकाला सगळं ‘ओरिजिनल’ हवं असतं. जुने शू, जुनं पॅकिंग, पेटीत राहिलेला जुन्या कंपनीचा लायनर तो अभिमानाने आणून देतो. जावाच्या टाकीची चमक परत आणायला क्रोम प्लेटिंग होतं, प्लेटिंगच्या टाक्यांवरच्या वाफेने कामगाराच्या नाकाच्या पडद्याला भोकं पडतात. टू-पॅक रंगाच्या फवाऱ्यातल्या आयसोसायनेटने दमा जडतो. धोके इतिहासजमा झाले असं म्हणणारे या गाळ्यांत गेलेले नाहीत.

उपाय महाग नाहीत. ड्रम फुंकायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. जुना लायनर घासायचाच नाही, ॲस्बेस्टॉस नसलेला बसवायचा. तो आज सहज मिळतो. रंगकामाला फवाऱ्यासाठी योग्य असा मास्क घ्यायचा. गाडीवर लाखभर खर्च करणाऱ्या मालकाने बिलात या गोष्टींचे पैसे आपण होऊन धरावेत, मिस्त्रीने मागायची वाट पाहू नये.

इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली लिहिलेल्या ग्रंथात डॉक्टरांना सांगितलं होतं की रोग्याला आणखी एक प्रश्न विचारा, तुझा धंदा काय? आपल्या ओपीडीत हा प्रश्न अजून क्वचितच विचारला जातो. म्हणून विनंती घरच्यांना आहे. तुमच्या घरात, चाळीत किंवा गावी कुणी निवृत्त मिस्त्री असेल, त्याला धाप लागत असेल, तर छातीचा एक्स-रे काढताना डॉक्टरांना न विचारताच सांगा, की या माणसाने आयुष्यभर ब्रेक आणि क्लचची कामं केली आहेत.