हिमालयाची पायवाट

हिम म्हणजे बर्फ. आलय म्हणजे घर. हिमालय म्हणजे बर्फाचे घर. मे महिन्यात आपल्या सोलापुरात उन्हाने जमीन तापते. अनवाणी पाय ठेववत नाही. त्याच दिवसांत हिमालयात माणसे बर्फ तुडवत चाललेली असतात.

तिथे आपल्यासारख्या माणसाला जाता येईल का? येईल. २०१२ साली सोलापूरचे आनंद बनसोडे एव्हरेस्टच्या शिखरावर जाऊन आले. एव्हरेस्ट म्हणजे जगातले सर्वांत उंच शिखर. तेवढे उंच आपल्याला जायचे नाही. पण वाटाड्या बरोबर घेऊन, तंबूत मुक्काम करत, आठ-दहा दिवस डोंगरातून चालायचे, हे साध्या माणसाला जमते. शेतकरी जातो, मागावरचा कामगार जातो, बायाही जातात.

चालणे आपल्याला नवे नाही. आळंदी ते पंढरपूर वाट अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. वारकरी ती पायी चालतो. पण दिवे घाट सोडला तर त्या वाटेवर मोठा चढ कुठे आहे? हिमालयात उलटे असते. दिवसाला दहा-बारा किलोमीटरच चालायचे, पण बहुतेक चढच चढ.

एका वाटेची माहिती घेऊ. हिमाचल प्रदेशात कुलू जिल्हा आहे. तिथे पार्वती नदीच्या खोऱ्यात कसोल नावाचे गाव आहे. सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसने दिल्लीला जायचे. दिल्लीहून रात्रीच्या मोटारीने भुंतर गाठायचे. तिथून दुसऱ्या मोटारीने कसोल. यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ही संस्था इथून उन्हाळ्यात सर खिंडीच्या मोहिमा नेत आली आहे. खिंडीजवळ एक तळे आहे. सर म्हणजे तळे. ते बहुधा गोठलेलेच असते.

आता उंची पाहा. सोलापूर समुद्रापासून दीड हजार फूट उंच आहे. कसोल पाच हजारांच्या वर, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईइतके. पुढे ग्रहण गाव साडेसात हजारांच्या पुढे. मग पद्री नऊ हजारांवर, मिंग थाच अकरा हजारांवर, नगारू साडेबारा हजारांच्या आसपास. आणि खिंड १३,८०० फूट. थाच म्हणजे डोंगरातले गवताळ कुरण. तिकडचे मेंढपाळ उन्हाळ्यात मेंढरे घेऊन तिथे चढतात. आपले सांगोल्याकडचे धनगर चाऱ्यासाठी गाव सोडतात, तसेच ते.

कसोलला गेल्याबरोबर चढायला सुरुवात करत नाहीत. दोन दिवस तिथेच ठेवून घेतात. सकाळी कसरत, मग जवळच्या टेकडीवर फेरी. नवखा माणूस कुरकुरतो. म्हणतो, "आम्ही चालायला आलो, का बसायला?" पण याला कारण आहे, आणि ते नीट समजून घेतले पाहिजे. त्यावर जीव अवलंबून आहे.

हवेलाही वजन असते. कडब्याची गंजी आठवा. खालच्या पेंढ्या वरच्या भाराने दाबून घट्ट होतात. वरच्या पेंढ्या सैल राहतात. हवेचे तसेच आहे. खाली हवा दाट, वर विरळ. आपल्याला जगायला हवेतला प्राणवायू लागतो. सोलापुरात एका श्वासात दहा वाटे प्राणवायू मिळतो असे धरा. सर खिंडीत तेवढ्याच श्वासात सहाच वाटे मिळतो. मग छाती भराभर चालते, नाडी जोरात उडते. रात्री झोप मोडते. शरीर हळूहळू जुळवून घेते. प्राणवायू वाहून नेणारे रक्तातले तांबडे कणही वाढू लागतात. पण याला दिवस लागतात. दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर रोज मुक्कामाची जागा दीड हजार फुटांहून फार उंच नेऊ नये, असे जाणते डॉक्टर सांगतात.

घाई केली तर काय होते? डोके दुखते. मळमळते. अन्न नकोसे वाटते. चक्कर येते. याला उंचीचा आजार म्हणतात. तालमीतल्या गड्यालाही तो सुटत नाही. उलट त्यालाच धोका जास्त, कारण तो सगळ्यांच्या पुढे पळतो. आणि डोके दुखले तरी सांगत नाही. "इतक्या लांब आलो, पैसे भरले, आता खाली पाठवतील," असे त्याला वाटते. म्हणून तो गप्प बसतो. इथेच घात होतो.

डोके दुखत असेल तर त्याच दिवशी वाटाड्याला सांगावे, आणि उतार पडेपर्यंत वर जाऊ नये. पुढची लक्षणे मात्र भयंकर आहेत. बसल्या जागी धाप लागते. खोकला येतो, कधी गुलाबी फेस पडतो. म्हणजे फुप्फुसात पाणी झाले. किंवा माणूस दारू प्याल्यासारखा झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो. म्हणजे मेंदूला सूज आली. वाटाड्या अशा माणसाला सरळ रेघेवर टाचेला बोटे लावून चालायला सांगतो. तोल गेला की पुढचा विचार नाही. रात्र असो, पाऊस असो, त्याला तेव्हाच खाली न्यायचे. हजार-दोन हजार फूट खाली उतरवले तर बहुतेक माणूस वाचतो. जवळ प्राणवायूची नळी असेल तर लावावी, पण तिच्या भरवशावर उतरणे थांबवू नये. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. त्यांनी श्वास मंद होतो. पाणी मात्र भरपूर प्यावे.

वाटाड्या त्याच मुलखातला असतो. कोणता ओढा दुपारी फुगतो, कोणता बर्फ पोकळ आहे, हे त्याला ठाऊक असते. दिंडीत जसा प्रत्येकाला आपला क्रम असतो, तसेच इथेही. एक जाणता पुढे, एक जाणता मागे. मागच्याच्या मागे कोणी राहायचे नाही.

सामानाचे थोडक्यात सांगतो. सोलापुरी चादर आपल्या अभिमानाची, पण ती सुती आहे. आगगाडीत पांघरा. बर्फात सुती कापड भिजले की वाळत नाही आणि अंग गारठते. तिथे लोकरच हवी. बूट नवे कोरे नेऊ नका, महिनाभर आधी वापरून पायाला बसवा. बर्फावरच्या उन्हाने डोळे भाजतात, म्हणून काळा चष्मा पाहिजेच. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी जरूर न्या. ती टिकते. निघण्याआधी डॉक्टरकडून छाती आणि रक्तदाब तपासून घ्या. दमा असेल, हृदयाचे दुखणे असेल, तर तो नको म्हणाला की ऐका. रोज तासभर भरभर चाला, जिने चढा. सपाट मुलखातल्या माणसाच्या मांड्यांना चढाची सवय नसते.

खिंडीचा दिवस पहाटे तीन-चार वाजता सुरू होतो. रात्रीच्या थंडीने बर्फ घट्ट असतो, तोवर पाय टिकतो. ऊन चढले की बर्फ मऊ होतो, पाय मांडीपर्यंत रुततो. वाटाड्या पुढे होऊन बुटाने बर्फात खाचा पाडतो. त्याच खाचेत आपण पाय ठेवायचा. बोलायचे नाही, पळायचे नाही. वीस पावले चालायची, थांबायचे, श्वास घ्यायचा, पुन्हा वीस. आभाळ भरून आले आणि वाटाड्या "परत फिरा" म्हणाला, तर खिंड डोळ्यांसमोर दिसत असली तरी फिरायचे.

खिंडीपलीकडे उतार आहे. तिथे बर्फावर बसून घसरत खाली येतात. म्हातारी माणसेसुद्धा पोरांसारखी हसतात. मग बिस्केरी, मग बंदक थाच, आणि बरशैणीला पक्की सडक लागते. परतीच्या वाटेवर मणिकर्ण आहे. तिथे जमिनीतून उकळते पाणी येते. फडक्यात तांदूळ बांधून पुरचुंडी त्या पाण्यात सोडतात. चूल नाही, सरपण नाही, थोड्या वेळाने भात शिजून तयार.